सुई शून्यावर

३ फेब्रुवारी, सकाळी
आजपासून बाबांचा ट्रक शास्त्रीय पद्धतीने चालणार. पन्नास वर्षांचा, लांब नाकाचा ट्रक. घर त्याच्यावर चालतं आणि बाबा इंजिनाची तब्येत बॉनेटला कान लावून ठरवतात! किळस येते या अडाणीपणाची. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, माझं काही कर्तव्य आहे. व्हॅक्यूम गेज मागवलं. इंजिन हवा किती जोरात ओढतं ते त्याची सुई दाखवते. अठरा ते बावीस म्हणजे ठणठणीत. अमेरिकेतल्या एका माणसाचा व्हिडिओ तीनदा पाहिला. (सुरुवातीची बडबड सोडून.)

९ फेब्रुवारी
गेज आलं. बाबा आणि मी ट्रक घेऊन मूर्तिजापूरला साजिदभाई मिस्त्रींकडे गेलो. गॅरेज म्हणजे ऑइल, बिडी आणि थुंकी. शी! ते म्हणाले, "ताई, हे याले कावून लावून राहिल्या? हे तं..." मी म्हटलं, आधी गेजच्या नळीसाठी इंजिनाच्या हवेच्या पाइपला भोक पाडा, मग बोला. ते हसले. न शिकलेल्या माणसांचं हसणं मला सहन होत नाही. संकल्प: अहंकार टाळणे.

१० फेब्रुवारी
नळी मीच जोडली. ट्रक सुरू. सुई शून्यावर. क्लिप आवळली. शून्य. बाबा म्हणाले, "आवाज तं मस्त हाये व बाई." आवाज हा पुरावा नव्हे.

१७ फेब्रुवारी
दुसरं गेज. तेही शून्य. दोन-दोन गेज खोटं बोलणार नाहीत. इंजिन आतून संपलंय. बाबांना वहीत आकृती काढून समजावलं, घाटात कधीही दगा देईल. त्यांनी वही जवळ ओढून आकृती पाहिली. मग म्हणाले, "तू शिकेल हायस. तू म्हनते तं खरंच असन." अखेर घरात विज्ञान आलं.

२२ फेब्रुवारी
शेंदूरजनाघाटचे खुशालराव भंगाराच्या भावात ट्रक घेऊन गेले. पहिल्याच सेल्फला सुरू झाला. बाबा फाटकापर्यंत मागे चालत गेले. मी म्हटलं, भावनेच्या आहारी जाऊ नका.

६ मार्च
बाजारात साजिदभाई भेटले. तुमचा ट्रक काल संत्रा भरून अकोल्याला गेला म्हणाले. "काय इंजिन हाये! विकला कावून?" मी सुईचं सांगितलं. "अवो ताई, ते पेट्रोलच्या गाडीचं. आपल्या डिझेलमंधी सुई उठतच नसते. तेच सांगून राहिलो होतो, तुमी बोलू देता कुठं!"
व्हिडिओ पहिल्यापासून पाहिला. पहिलंच वाक्य: फक्त पेट्रोल इंजिनसाठी.

संध्याकाळी
बाबा आता घरीच असतात. ओट्यावर शेजारच्या बेबीताईंना सांगत होते, "पोरीनं वेळेवर ओयखलं, नाहीतं घाटात मेलो असतो." बेबीताईंनी मला जवळ ओढलं. "खरंच एवढं खराब होतं काय व इंजिन?"
मी हो म्हटलं.