सात वर्षांचा बाँड आणि माझा उजवा हात

३ मार्च, सकाळ
पायलट लोक लॉगबुक ठेवतात. किती तास उडालो ते लिहितात. मी आजपासून ही वही ठेवतोय. सवय आधीच लागलेली बरी.

कँटीनच्या भिंतीवर कंपनीने कागद चिकटवलाय. कॅडेट पायलट पाहिजेत. छोटी विमानं, जवळजवळची गावं. वीस महिने शिकवणार, खर्च कंपनीचा, बदल्यात सात वर्षांचा बाँड. खाली लिहिलंय, नीट विचार करूनच होकार कळवा. म्हणजे गरज त्यांना आहे. ठरवायचं मी.

तीन वर्षं विमानाच्या पोटात सामान भरतोय. पोटातून डोक्यात जायचं, एवढाच प्रश्न.

संकल्प: पायलटचं डोकं थंड पाहिजे. आजपासून कुणावरही हात उचलायचा नाही.

३ मार्च, दुपार
सामान ओढणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याने ट्रॉली माझ्या टाचेवर घातली. वर म्हणतो, टाच मधे आली. सीटवरून खाली ओढला आणि दोन ठेवून दिल्या. मुकादमाने मेमो दिला. पहिलाच आहे. तीन झाले की घरी पाठवतात, म्हणजे अजून पुष्कळ जागा आहे. संकल्प उद्यापासून धरावा. आजचा दिवस अर्धा गेलाच होता.

५ मार्च
काट्याकडून फॉर्म भरून घेतला. काटा माझ्या खोलीत राहतो. सामानाचं वजन करायचं आणि कुठलं सामान विमानाच्या कुठल्या कप्प्यात जाणार ते कागदावर लिहायचं, हे त्याचं काम. म्हणून काटा. अंगाने पण तसाच. बारावी पास आहे आणि ते विसरू देत नाही.

शिक्षणाच्या रकान्यापाशी अडला. म्हणाला, अरे, बारावी सायन्स मागतायत. तू कितवी? म्हटलं, आठवी. म्हणाला, पास? म्हटलं, मास्तरने डस्टर फेकून मारला, मी तोच परत फेकला, त्याचा नेम चुकला आणि माझा लागला, म्हणून शाळा सुटली. हुशारीचा काही संबंध नव्हता. लिही, शिक्षण चालू आहे. म्हणाला, ही लबाडी झाली. करंगळी पिरगाळल्यावर लिहिलं.

नंतर चहा त्यानेच केला. दोस्ती असावी तर अशी.

८ मार्च
मुकादमाने बाजूला घेतलं. हल्ली मला वैमानिक म्हणतो. म्हणाला, वैमानिक, जमिनीवरची एक गोष्ट ऐकणार का? तुझं नाव परमनंटसाठी गेलंय. ३१ तारखेला साहेबासमोर सही करायची. दोन खोल्यांचं क्वार्टर मिळेल, घरचं माणूस आणता येईल. तोवर फक्त हात खिशात ठेव. सही केलीस की कॅडेट-बिडेट विसरायचं, हे पण सांगून ठेवतो.

म्हणजे दोन्हीकडून मागणी आहे. माणसाने मागणी असताना घाई करू नये.

१२ मार्च
कॅडेटवाल्या मॅडमचा फोन. आवाज गोड. म्हणाल्या, २९ तारखेला चाचणी, सगळे मूळ कागद घेऊन या, आणि सात वर्षांची कमिटमेंट आहे, तुमची तयारी आहे ना? म्हटलं, विचार करून सांगतो. एकदम हो म्हटलं की माणसाची किंमत जाते. त्या म्हणाल्या, बरं, आणि ठेवला. घाबरल्या असणार, आलेला माणूस हातचा जातो की काय.

१३ मार्च
सात वर्षं एका मालकाकडे म्हणजे दावणीचा बैल झाला. दुसऱ्या बाजूने बघितलं तर बैलाला कुणी कॅप्टन म्हणत नाही.

आज बाहेरून कॉकपिट नीट बघितलं. दोन खुर्च्या, मधे वीतभर जागा. शेजारचा पायलट बडबड्या निघाला तर? खाली आपण म्हणतो, चल बाहेर, दाखवतो तुला. वर तशी सोय नाही. त्यात दोघांना पट्टे बांधलेले. हात मागे घेऊन ठोसा बसणार नाही, कोपरावरच भागवावं लागेल. ही गोष्ट त्यांच्या कागदात कुठेच नाही. कंपनीने विचार केलेला दिसत नाही.

संध्याकाळी कँटीनच्या मागच्या पत्र्याच्या दारावर कोपराची प्रॅक्टिस केली. दार बिजागरीतून निघालं. कँटीनवाला आरडाओरडा करत आला. त्याला शांतपणे समजावताना त्याचा चष्मा फुटला. भुवईवर तीन टाके. दुसरा मेमो.

संकल्प: आता खरंच.

१५ मार्च
ताईचा फोन. आई गेल्यावर मला ताईनेच वाढवलं. आता भाऊजींच्या घरात आहे. भाऊजींचा हात सुटतो. जेवण गार लागलं, दार उशिरा उघडलं, काहीही पुरतं.

म्हणाली, बाळा, ३१ ला सही करतोयस ना? बॅग भरून कॉटखाली ठेवलीये. तुला खोल्या मिळाल्या की त्याच दिवशी निघते. मग तिला कॅडेटचं सगळं समजावलं. म्हणाली, वीस महिने? म्हटलं, ताई, वीस महिने दम धर, मग कॅप्टनचा चार पट्ट्यांचा शर्ट घालून येतो आणि भाऊजींना भर अंगणात लोळवतो. सगळी गल्ली बघेल. म्हणाली, मला त्यांना लोळवायचं नाही रे. मला एक दिवस नीट झोपायचंय.

बायकांना लांबचं दिसत नाही.

तेवढ्यात मागून भाऊजींचा आवाज आला, कुणाशी गुलुगुलु चाललंय? मग काहीतरी पडल्याचा आवाज. मग ताईचा. मग फोन बंद. माझं डोकं सटकलं. हातात होतं ते भिंतीवर हाणलं. फोनच होता. काट्याच्या फोनवरून ताईला निरोप दिला, आता याच नंबरवर कर.

टीप: भाऊजींचा राग आणि माझा राग यात जमीन-अस्मानाचा फरक. माझ्या रागाला कारण असतं.

१८ मार्च, सकाळ
ठरलं. सही करायची. ताई येणार. पायलट काय, पुढच्या वर्षी पण घेतील.

१८ मार्च, दुपार
नवीन कॅडेटांची एक तुकडी विमान बघायला आली होती. पांढरे शर्ट, गुळगुळीत गाल. एकाने मला विचारलं, भैया, टॉयलेट कुठंय? भैया! ठरलं. पायलट.

त्याला चुकीची दिशा दाखवली. हात उचलला नाही. प्रगती आहे.

२१ मार्च
तीन दिवस काट्याच्या फोनवर विमान कसं उडतं त्याचे व्हिडिओ बघतोय. भाषा कळत नाही, पण बाण काढलेले असतात. मुख्य गोष्ट कळली. उडताना नाक वर जातं. मग नाकाकडे ओझं कशाला ठेवायचं? साधी अक्कल आहे. काट्याला सांगितलं. म्हणाला, बाबा, तू भर, गणित मला करू दे. पुढचा कप्पा, मागचा कप्पा, कुठे किती ते ठरलेलं असतं, त्यावर कॅप्टनचा हिशोब चालतो. बारावीवाल्यांचं हेच. पुस्तकाबाहेर बघत नाहीत.

२३ मार्च, सकाळ
आज दाखवून देतो.

२३ मार्च, दुपार
जे झालं ते थंड डोक्याने लिहितोय. डाव्या हाताने, म्हणून अक्षर असं.

काट्याच्या कागदावर होतं, लोखंडी सुट्या भागांच्या अठरा पेट्या पुढच्या कप्प्यात. मी सगळ्या मागे घातल्या. बॅगा पण मागे. पुढचा कप्पा झाडून मोकळा. प्रवासी अजून चढायचे होते. शेवटची पेटी सरकवली आणि विमानाने हळूच नाक वर केलं. पुढचं चाक जमिनीपासून वीतभर वर. खरं सांगतो, अंगावर काटा आला. इंजिन बंद, पायलट चहा पितोय, आणि माझ्या हातून विमान अर्धं उडालं.

शेपटीखाली टेकूचा दांडा होता म्हणून शेपूट वाचलं. दांडा वाकला.

कॅप्टन धावत आला. म्हणाला, हे कुणी भरलं? मी पुढे झालो. म्हटलं, सर, मी, आणि आपण आता एकाच लाइनमध्ये आहोत. म्हणाला, कुठल्या लाइनमध्ये? म्हटलं, २९ ला कळेल. तो मुकादमाकडे बघून म्हणाला, हे वर गेल्यावर कळलं असतं तर बेचाळीस माणसं मेली असती. मुकादमाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने काट्याला विचारलं, कागद तुझा, सही तुझी, तू काय लिहिलं होतंस? काट्याने कागद पुढे केला. म्हणाला, मी पुढे लिहिलं होतं, याने मागे घातलं.

सगळ्यांसमोर. माझाच रूममेट. ज्याच्या हातचा चहा मी रोज पितो.

एकच मारली. पण पूर्ण खांद्यातून. काटा दोन पेट्यांच्या मधे पडला आणि कागद वाऱ्याने रनवेकडे गेला. त्याच्या जबड्याने माझी दोन बोटं मोडली. हे कुणी बघत नाही.

तिसरा मेमो लिहायच्या भानगडीत मुकादम पडलाच नाही. गळ्यातला पास काढून घेतला आणि म्हणाला, वैमानिक, उतर आता. ६ तारखेपर्यंत खोली खाली कर.

एका अर्थी बरं झालं. परमनंट की पायलट, हा घोळ संपला.

२४ मार्च
काट्याचा जबडा कापडाने बांधलाय. दुपारी डॉक्टर तारांनी आवळणार. सकाळी ताईचा फोन आला, त्याच्याच नंबरवर. मी अंघोळीला गेलो होतो. दाराआडून ऐकलं. बोबडं बोबडं त्याने सगळं सांगितलं. पेट्या, नाक, ठोसा, पास.

मग बराच वेळ तोच ऐकत होता. नंतर विचारलं, काय म्हणाली? त्याने सांगितलं. आज गार पाण्याची पट्टी ठेव, उद्यापासून कोमट. त्या कुशीवर झोपू नको, खाली दोन उशा घे. चार दिवस पातळच खा, आणि पाणी पिताना मान दुसऱ्या बाजूला कलती कर, म्हणजे ठणकत नाही.

माझ्याबद्दल काय म्हणाली विचारलं. काही नाही म्हणाला. नेटवर्क गेलं असेल.

२६ मार्च
काट्याला पट्टी ठेवायला गेलो. मी जवळ गेलो की तो डोक्यावर हात घेतो. म्हटलं, अरे, मदत करतोय. तरी हात खाली घेत नाही. नाटकी आहे. पट्टी जोरात ठेवावी लागली.

२९ मार्च
चाचणी. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. शर्ट काट्याचा, इस्त्रीचा. टेबलावरच्या बाईंनी बारावीचं मार्कशीट मागितलं. म्हटलं, चालू आहे. म्हणाल्या, कुठल्या कॉलेजात? म्हटलं, स्वतःचं. म्हणाल्या, बाजूला व्हा, मागे लोक आहेत. म्हटलं, तुमच्याच माणसांनी मला फोन केलाय, मी अजून हो म्हटलेलं नाही, माझ्या होकाराची वाट बघताय तुम्ही. मागचे गुळगुळीत गालवाले हसले. एकाची कॉलर डाव्या हातात आली.

वॉचमन साठीचा असेल. त्याने माझा डावा हात पाठीमागे असा काही मुरगळला की मी पायऱ्यांवरून खाली कसा आलो ते कळलंच नाही. शेवटच्या दोन पायऱ्या तोंडावर. पुढचा दात अर्धा गेला. वयाकडे बघून सोडला त्याला.

निर्णय: सात वर्षांचा बाँड मला मान्य नाही. कॅडेट प्रोग्रामला नकार. तसं गेटबाहेरून ओरडून कळवलं.

३१ मार्च
सहीचा दिवस. साहेबाच्या ऑफिसच्या खिडकीतून, बाहेरून बघितलं. ट्रॅक्टरवाल्याने सही केली. क्वार्टर त्याला. संध्याकाळी पेढ्यांचा बॉक्स घेऊन खोलीत आला, काट्याला तारांमुळे खाता येईना, तर त्याच्यासाठी कुस्करून दुधात घालून दिला. मला पण एक दिला. मारावासा वाटला. दोन्ही हात दुखत होते. खाल्ला.

६ एप्रिल
सामान भरून झालं. एक बॅग. नवीन प्लॅन: सरळ ताईकडे. भाऊजींशी समोरासमोर एकदाचं काय ते होऊन जाऊ दे. डाव्या हाताची मूठ आता बरी वळते.

काट्याला म्हटलं, ताईला फोन लाव, येतोय म्हणून सांगतो. काटा आता वहीवर लिहून बोलतो. त्याने लिहिलं, ती तिथे नाही. २५ तारखेलाच निघाली.

म्हटलं, कुठे? लिहिलं, एका हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात काम मिळालंय, तिथेच खोली आहे. एकटीने गेली. रोज मेसेज करते मला, जबडा कसा आहे विचारायला.

मला न सांगता गेली. पण आनंद झाला. म्हटलं, झकास! आण पत्ता, संध्याकाळच्या गाडीने पोचतो. राहीन तिच्याजवळ, तिला पण आधार.

काटा लिहीना. म्हटलं, काट्या, पत्ता. बॅग खाली ठेवली आणि एक पाऊल पुढे गेलो. तो मागे सरकत भिंतीला टेकला आणि घाईघाईने लिहून वही माझ्यासमोर धरली.

दोन माणसांना पत्ता द्यायचा नाही, अशी शपथ घातलीये तिने. एक भाऊजी.

मी विचारलं, आणि दुसरा कोण?