ताडाचा कोंब

सोमवार, ३ मार्च

केलं खरं! ताडपानांच्या पंख्यांची ऑर्डर उद्या द्यायची आणि पाच पंखे कमी. ताडाची पानं उतरवणारा पानकाप्या कालच बजावून गेला होता, "यंदाची दोन कोवळी पानं काढली, सूनबाई. आता पुढच्या वर्षी." मामंजींचा डोळा लागला होता. शिडी लावली, मधला मिटलेला कोंब कापला. पांढराशुभ्र, मऊ! विळा जरा खोल गेला.

मंगळवार, ४ मार्च

पंखे पोचवले. दुकानवाल्या बाई म्हणाल्या, "काय हात आहे तुझा!" ऐकवेना.

गुरुवार, २० मार्च

शेंडा पिवळा पडलाय. शिडीवर चढून मधलं पान ओढलं तर अख्खं हातात आलं — बुडाशी कुजलेलं. ताडाला वाढायला तो एकच कोंब; तो गेला की झाड गेलं. सासूबाई गेल्या त्या वर्षी मामंजींनी लावलेला हा ताड. पंधरा वर्षं पाणी घातलं. "यंदा फळ धरणार बघ," रोज म्हणायचे.

पानकाप्याला बोलावलं. तो चढला, पाहिलं, उतरून म्हणाला, "कोंब कापलाय." मामंजी म्हणाले, "कोंब कुणी कापला? तुझ्याशिवाय वर चढतं कोण?" त्याने मान खाली घातली. "इतकी वर्षं विश्वास टाकला तुझ्यावर! पुन्हा या दारात येऊ नकोस."

दोर खांद्यावर टाकून तो गेला. मी दारातच उभी.

शुक्रवार, २१ मार्च

ताट तसंच बाजूला सारलं. हे म्हणतात, "झाडच गेलं ना? माणूस गेल्यासारखं काय करतेस?"

शुक्रवार, २८ मार्च

बाजारात पानकाप्याची बायको दिसली. भाजीवालीला सांगत होती, "आता कुणीच बोलवत नाही त्यांना. घरात बसून आहेत." भाजी न घेताच मी गल्ली बदलली. शी! किती भित्री मी.

बुधवार, २ एप्रिल

सांगून टाकलं. सकाळचा चहा मामंजींच्या हातात दिला आणि म्हटलं, "कोंब मी कापला." त्यांनी कप खाली ठेवला. चपला घातल्या आणि पानकाप्याच्या घरी निघाले. भर उन्हात, काठी न घेता!

बुधवार, संध्याकाळ

मामंजी आले. म्हणाले, "त्याला त्याच दिवशी कळलं होतं. काप डाव्या हाताचा होता."

घरात डावखुरी मी एकटीच.

"म्हणाला, 'मला कळलंय हे सूनबाईला सांगू नका. तिला तोंड दाखवायला जड जाईल.'"