निरोप आधी, निकाल नंतर

२९ जून २००२, शनिवार

प्रिय मोहिनी,

पाकिटामागचं नाव वाचून तू दचकली असशील. दीड वर्षात ना फोन, ना चिठ्ठी, आणि आता एकदम हे जाडजूड प्रकरण. ते आधी तुझ्या वडिलांच्या हाती लागलं असेल तर, काका, नमस्कार. मी बहिरू गावित, एस.वाय.पर्यंत मोहिनीच्या वर्गात होतो. पत्रात बहुतेक सगळं आमच्या यमुनाबद्दल आहे, ते खुशाल वाचा. शेवट मात्र तिचा तिला वाचू द्या.

यमुना म्हणजे माझ्या देवरामदादाची मुलगी. कँटीनमध्ये मी तिच्या गोष्टी सांगायचो आणि तू चहा थंड होईपर्यंत ऐकायचीस, तीच. आता अकरा वर्षांची झाली. शाळा सतरा तारखेला सुरू झाली आणि तेव्हापासून कालपर्यंतचे अकराच्या अकरा दिवस यमुना शाळेत गेलेली नाही. यापुढे कधीच जाणार नाही म्हणते. आमच्याकडे एकदा पोरीची शाळा सुटली की काय होतं ते तुला सांगायला नको. दिवाळीनंतर दादा-वहिनी दिंडोरीकडे द्राक्षांच्या कामाला जातात, तेव्हा तीही सोबत जाणार, बिऱ्हाडाचं आणखी एक बोचकं कमी-जास्त, एवढाच फरक. यात नव्वद टक्के चूक माझी आहे. उरलेली दहाही बहुतेक माझीच असावी.

कॉलेज सोडून घरी आलो तेव्हा करायला काही नव्हतं. दादा नुसता माझ्याकडे बघून कुऱ्हाडीला धार लावायचा. मग भोये गुरुजींनी सांगितलं की यमुनाला नवोदयच्या परीक्षेला बसवू, सहावीपासून बारावीपर्यंत राहणं-जेवण-शिक्षण सगळं मोफत. मी तिथल्या तिथे पेटलो. तुला माझा स्वभाव माहीत आहे, मी कुठलीही गोष्ट हळू पेटवत नाही. वर्षभर तिला शिकवलं. बुद्धिमत्तेच्या आकृत्या काडेपेटीच्या काड्यांनी मांडून, अपूर्णांक नागलीच्या भाकरीचे तुकडे करून. यातलं अर्धं गणित ती उत्तर द्यायच्या आधीच खाऊन टाकायची. ‘गटात न बसणारा ओळखा’ हा प्रश्न तिला फार आवडायचा. एकदा म्हणाली, बाबा, आई, बैल, काका. यातला काका बसत नाही, बाकीचे तिघं काम करतात. वहिनी हसता हसता चुलीत फुंकायचं विसरली.

फेब्रुवारीत परीक्षा झाली. पेपर सोपा गेला म्हणाली. झालं, मी पेठच्या बाजारातून पत्र्याची पेटी आणली. हिरवा ऑइलपेंट दिला आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं: कु. यमुना देवराम गावित, इयत्ता ६ वी, नवोदय विद्यालय. माझं अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं आहे असं तू म्हणायचीस ना, त्या पेटीवरचं बघायला हवं होतंस. आणि एवढ्यावर थांबलो तर मी कसला? एक मेला झेंडावंदन झालं, प्रगतिपुस्तकं वाटून झाली, आणि मी गुरुजींच्या मागे लागून यमुनाचा निरोप समारंभ करवला. गुरुजी म्हणत होते, अरे, यादी लागू दे. मी म्हटलं, गुरुजी, यादी काय, ती लागणारच! यमुनाला नारळ दिला. सरपंचांनी भाषण केलं. आमची शाळा सातवीपर्यंत, त्यामुळे पाचवीतून कुणाला निरोप द्यायची वेळ गावात कधी आलीच नव्हती. पोरं नुसती चेकाळली होती. वर्गातल्या सतराही जणांनी काहीतरी आणलं. कुणी रिबिनी, कुणी साबणाची डबी, चिमणा नावाच्या मैत्रिणीनं घरच्या कोंबडीची दोन अंडी, आणि वाळू नावाच्या एका खट्याळ कार्ट्यानं आपलं दोन रंगांचं पेन. त्या पेनावर त्याचा फार जीव, पण सरपंचांसमोर त्यानं दिलं.

तेरा जूनला पेठच्या कचेरीत यादी लागली. मी ती चार वेळा वाचली. खालून वर, वरून खाली. अख्ख्या जिल्ह्याला ऐंशी जागा, त्यात आमचा नंबर नव्हता. मग मी जे करतो तेच केलं. ओरडलो. पेपर कोणी तपासले, यादी कोणी केली, साहेबांना बोलवा. कारकून म्हातारा होता, त्यानं आधी मला पाण्याचा पेला दिला आणि विचारलं, पोरगी तुमची? म्हटलं, पुतणी. म्हणाला, मग परीक्षा तिनं दिली का तुम्ही? तिचं नाव नाही यादीत, मग तुमचंच नसल्यासारखं का करताय? मोहिनी, मी पेला त्याच्या टेबलावर ठेवला आणि बाहेर पडलो.

घरी आलो तर यमुना वाटेवरच्या मोहाखाली उभी. म्हणाली, लागली का? आणि मी म्हणालो, नाही अजून, पुढच्या आठवड्यात. एवढा मोठा आवाज करून आलेला माणूस, पण पोरीसमोर दोन शब्द निघाले नाहीत. चार दिवस ती रोज विचारत होती आणि मी रोज पुढचा आठवडा दाखवत होतो. सतराला शाळा उघडली, संध्याकाळी गुरुजी घरी आले आणि अंगणातूनच म्हणाले, यमुने, आली का नाहीस गं? यादीत नाव नाही तर नाही, सहावीचा वर्ग काय पळून गेलाय? तिनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तुला माहीत होतं? एवढंच विचारलं. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. आत गेली आणि सांगून टाकलं की मी आता शाळेत जाणार नाही. वहिनीनं समजावलं, दादानं समजावलं. तिचं एकच: ज्याला निरोप दिला तो माणूस परत कसा जाणार? सरपंचांनी भाषण केलंय. नारळ आपण खाल्लासुद्धा.

मी आपले माझे इलाज सुरू केले. पहिला इलाज, नाशिकला जाऊन मोठ्या साहेबांसमोर बसतो, पेपर परत तपासायला लावतो. ती म्हणाली, गेलास तर मी रानात निघून जाईन, आधीच एक निरोप झालाय तेवढा पुरे. दुसरा इलाज, मोठमोठ्या माणसांची उदाहरणं. अमका शास्त्रज्ञ शाळेत नापास झाला होता, तमका पुढारी दहावीला तीनदा बसला. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, त्यांच्या काकांनी पेटी रंगवली होती का? मी उठून गोठ्यात गेलो. बैलाला तरी प्रश्न पडत नाहीत.

शेवटी मार्ग तिनंच काढला. गेल्या रविवारी सकाळी सगळ्या भेटी पिशवीत भरल्या आणि म्हणाली, चल, हे ज्याचं त्याला देऊन येऊ, मग निरोप रद्द झाला असं धरता येईल. अंडी तर कधीच खाऊन झाली होती, म्हणून वहिनीकडून दोन अंडी उसनी घेतली. माझ्या मनात आलं, आता घरोघर या पोरीची शोभा होणार. पण गेलो. चोराला मिरवणुकीत चालायला लावतात तसा तिच्या मागे पिशवी धरून चाललो. आणि कुणीही काही परत घेईना. ठेव गं पोरी, ठेव गं बाई, नशिबात नव्हतं बघ, म्हणून जो तो तिच्या डोक्यावरून हात फिरवी. प्रत्येक घरातून निघताना ती थोडी लहान होत होती. चिमणाच्या आईनं तर अंडी परत केली ती केलीच, वर तिला जवळ घेऊन डोळे पुसले. आम्ही शेवटच्या घरी, वाळूकडे आलो तेव्हा मला वाटलं, आता ही इथून थेट घरी जाऊन पांघरूणच घेणार.

वाळू अंगणात भोवऱ्याला जाळी गुंडाळत बसला होता. यमुनानं पेन पुढे केलं. त्यानं ते झटक्यात घेतलं, तळहातावर दोन्ही रंग ओढून पाहिले आणि अंगावरच धावला. लाल संपवलास ना! मी भरलेलं दिलं होतं! यमुना म्हणाली, अर्धंच होतं. तो म्हणाला, खोटारडे, नापास झालीस ती झालीस, वर माझी लाल शाईपण प्यायलीस! ती म्हणाली, नापास कोण रे, यादीत नाव नाही म्हणजे नापास नाय काही, आणि तू तर फॉर्मच भरला नव्हतास, तुला सातचा पाढा येतो का? तो म्हणाला, येतो. ती म्हणाली, म्हण. तो साती सक बेचाळीसपर्यंत गेला आणि अडकला. मोहिनी, दहा मिनिटं दोघं कोंबड्यांसारखे भांडत होते आणि मी पिशवी घेऊन वेड्यासारखा हसत उभा होतो. अख्ख्या गावात त्या एका पोरानं तिला बिचारी म्हटलं नाही. परत येताना ती माझ्यापुढे पळत होती. घरी येऊन दीड भाकरी खाल्ली आणि वहिनीला म्हणाली, ती पेटी रिकामीच पडलीय, नागली भर त्यात, उंदीर लागणार नाय. वहिनी म्हणाली, बरं झालं बाई, भावजींनी जन्मात पहिल्यांदा कामाची वस्तू आणली.

मला वाटलं, सुटलो. सोमवारी सकाळी मी तिचं दप्तर झटकून दारात ठेवलं. ती काही उठेना. म्हटलं, आता काय राहिलं? भेटी झाल्या, पेटी झाली, वाळूशी भांडण झालं. ती म्हणाली, मी जाईन, पण तू आधी तुझी परीक्षा दे. मला वाटलं कॉलेजचं म्हणतेय. लांबलचक भाषण सुरू केलं, की सरांनी सगळ्यांसमोर माझं जर्नल कसं बाजूला सारलं, मी ते कसं टेबलावर आपटलं, माणसाला मान असतो वगैरे. तिनं मध्येच तोडलं. म्हणाली, कॉलेजचं नंतर बघू, एका वेळी एकच पेपर.

आता खरं सांगतो. वर्षभर तिला शिकवताना कच्च्या कामाला मी घरातले पाठकोरे कागद द्यायचो. ते कागद कुठले? दीड वर्षात मी तुला लिहायला घेतलेली पत्रं. प्रिय मोहिनी, आणि खाली चार ओळी, आणि पुढे हिंमत संपलेली. अशी सव्वीस आहेत. तिनं मोजली. एका बाजूला तिचे अपूर्णांक, दुसऱ्या बाजूला माझे. तिनं ती सगळी वाचली, त्यातल्या चुकासुद्धा दुरुस्त केल्या. आणि सोमवारी ती मला म्हणाली, काका, माझं नाव यादीत आलं नाही, पण मी पेपर तरी लिहिला. तू चार ओळी लिहून पेपर तसाच ठेवून देतोस. सरांवर ओरडतोस, कारकुनावर ओरडतोस, जिच्याशी बोलायचं तिच्याशी बोलतच नाहीस. तू पत्र पुरं करून टाक, त्या दिवशी मी शाळेत जाते. पाच दिवस मी टाळाटाळ केली. त्या पाच दिवसांची तिची शाळा माझ्यामुळे बुडाली, हे पाप आणखी कुणाच्या माथी मारणार?

तर लिहितो. जर्नलचं भांडण सरांशी नव्हतंच. त्या दिवशी प्रॅक्टिकलच्या आधी जिन्यात तू मला म्हणालीस, रविवारी मला बघायला येणार आहेत. आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबलीस. मी म्हणालो, बरं. फक्त बरं! आत जाऊन सरांशी भांडलो, दप्तर उचललं आणि पेठची गाडी पकडली. गेल्या महिन्यात आपल्या वर्गातला सुनील स्टँडवर भेटला, म्हणाला, मोहिनीचं लग्न कुठेच ठरलं नाही, तिनं बी.एड.चा फॉर्म भरलाय. म्हणून विचारतो, मोहिनी. मला तू आवडतेस. एफ.वाय.पासून. तुमच्या गंगापूर रोडच्या बंगल्यातल्या माणसांना दाखवावं असं माझ्याकडे आज काही नाही, ना डिग्री, ना नोकरी, आणि आमचं घर कसं आहे ते मी तुला सांगितलेलं आहेच. मी नाशिकला आलो तर भेटशील का, एवढाच प्रश्न. हो किंवा नाही, कार्डावर लिहिलं तरी चालेल. ‘नाही’ असं लिहावं लागलं तर माझी काळजी करू नकोस. यमुनानं मला सगळं समजावून सांगितलंय. नाव यादीत नसलं की पहिले दोन दिवस भूक लागत नाही, तिसऱ्या दिवशी लागते. आणि हो, बिचारा म्हणू नकोस, त्यानं माणूस लहान होतो. शनिवारची सकाळची शाळा आहे, टपालपेटी शाळेच्याच व्हरांड्यात टांगलेली आहे, आणि ती दप्तर पाठीला लावून दारात उभी आहे. मी पत्र टाकल्याशिवाय वर्गात पाऊल ठेवणार नाही म्हणते, आणि पाकीटही तीच चिकटवणार आहे, माझा भरवसा नाही म्हणून. प्रार्थनेची घंटा झाली. वाळू कुंपणापलीकडून ओरडतोय, यमे, उशीर केलास तर गुरुजी तुला उभी करतील! आम्ही निघालो.

खोडता खोडता शेवटी न खोडलेला,
तुझाच,
बहिरू