गोळा तर हिनेही खाल्ला

बाई,

“गोळा तर हिनेही खाल्ला ना?” माझ्याकडे बोट दाखवून तुम्ही आईला विचारलं होतंत. मुलुंडच्या आमच्या खोलीतलं ते स्वयंपाकघर, ओट्यावर गार झालेली पेज, आणि धाकटा भाऊ इस्पितळात. फ्लू घरात सगळ्यांनाच झाला होता. आम्ही उठून बसलो, त्याला मात्र श्वास घेता येईना. ताप यायच्या आदल्याच दिवशी शाळेबाहेर आईने आम्हा दोघांना बर्फाचा गोळा घेऊन दिला होता. अख्खी चाळ तेच बोलत होती आणि आईही तेच धरून बसली होती. तुम्ही माझ्या विज्ञानाच्या बाई, चौकशीला आला होतात. स्टुलावर बसून म्हणालात, “वहिनी, तुमच्या हातून काही चुकलेलं नाही. त्याच्या शरीरातच काहीतरी वेगळं असणार. काय, ते मला माहीत नाही.” तुम्ही गेल्यावर आईने ती पेज गरम केली आणि खाल्ली. ‘माहीत नाही’ हे इतक्या ठामपणे सांगणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. नंतरही फारसं पाहिलं नाही.

ते वेगळं काय ते आता सापडलंय, बाई. करोनात भाऊ पुन्हा तसाच आडवा झाला, व्हेंटिलेटरवरून परत आला, आणि डॉक्टरांनी त्याची जनुकं तपासायला पाठवली. विषाणू शिरला की शरीर इंटरफेरॉन नावाचं प्रथिन तयार करून पेशींना सावध करतं. त्याच्या शरीरात ते वेळेवर तयारच होत नाही. ते बाहेरून देता येईल का, याचा डॉक्टर विचार करतायत. तोवर लस चुकवायची नाही, आणि ताप आला की लगेच कळवायचं. एका जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या. एक बाबांकडून आलेली, एक आईकडून.

हे मी जेवताना सांगितलं. भाऊ म्हणाला, “बघ, तो गोळेवाला फुकट बदनाम झाला.” आई हसली नाही. हातातला घास ताटात ठेवून म्हणाली, “म्हणजे माझंच ना गं?”

मी समजावायला लागले. तुझी दुसरी प्रत चांगली आहे, म्हणून तुला कधी कळलंच नाही, आपण काय द्यायचं ते कुणी निवडत नाही. सगळं बरोबर होतं. ती मान हलवत राहिली आणि जेवली नाही. काही माहीत नसताना तुम्ही तिला मोकळं केलंत. मला सगळं माहीत असून जमत नाहीये. त्यानंतर तो विषय मी पुन्हा काढलेलाच नाही, हे तुम्हालाच सांगते आहे.

तुम्ही येऊन तिला सांगा, असं म्हणणार होते. पण वर्गात उत्तर मागितलं की तुम्ही खडू पुढे करायचात, “ये, तूच लिही.” आताही तेच कराल. बरं, सांगते मीच. पण मी बोलत असेन तेवढा वेळ त्या स्टुलावर येऊन बसाल?