काचगोळ्याची तुटकी रेघ

२ तारीख
पोहोचलो एकदाचा! ऊन मोजायचं केंद्र म्हणजे एक टेकडी, दोन खोल्या आणि पोटभर ऊन. मैदानाच्या टोकाला भरीव काचेचा गोळा आहे. तो ऊन एका ठिपक्यात गोळा करतो आणि मागच्या जाड पट्टीवर दिवसभर जळकी रेघ ओढतो. ढग आला की रेघ तुटते. छपरावर काचेच्या घुमटाखाली काळी चकती आहे. ती तापली की तारेतून कणभर वीज येते आणि खोलीत आकडा दिसतो. पंधरवडाभर नोंदी चोख ठेवल्या की नोकरी पक्की. मग बायको आणि छकुली येतील.

४ तारीख
आकाशात ढगाचा ठिपका नाही, तरी पट्टीवर अकरा चाळीसला फट. सहा मिनिटांची. कालही तीच. पहारेकरी काका म्हणाले, आधीचे साहेब रोज लिहायचे, 'कोणीतरी आड उभं.' जिथं उभं आहे असं लिहावं, तिथंच ते थांबतं म्हणे. मला हसू आलं. वरच्या साहेबांना भूत कळवू? हात दाखवून अवलक्षण!

५ तारीख
भिंगाने फट जाळून रेघ सांधली. दिसतेय झकास.

८ तारीख
आता गोळ्याची रेघ आपोआप अखंड येते. पण अकरा चाळीसला छपरावरचा आकडा नऊशेवरून शंभरावर कोसळला. धावत वर गेलो. कुणी नाही. भर उन्हात घुमट थंडगार. मागचापुढचा आकडा बघून मधले भरून टाकले.

११ तारीख
आकडाही आता पडत नाही. अंगणात दोरीवरचे कपडे कडकडीत वाळले. दाराजवळचा एक सदरा तेवढा ओला. भीती वाटतेय.

१६ तारीख
नोकरी पक्की. इतक्या स्वच्छ नोंदी पाहिल्या नाहीत, म्हणाले साहेब.

१८ तारीख
दोघी आल्या. छकुली अंगणात खेळत होती. अकरा चाळीस — तिच्या अंगावरचं ऊन गेलं. फक्त तिच्या. म्हणाली, एक माणूस आड उभा आहे, सरकतच नाही.

१९ तारीख
उन्हात बसवली तरी हात बर्फ. ओठ निळे. काका म्हणाले, खरं लिहा, अजून वेळ आहे —

२० तारीख
११.३८. बायको तिला घेऊन अंगणात. मी खिडकीशी. वहीवर ऊन आहे.
फट मी बुजवली. आकडे मी भरले. तो होता.
११.४०. कोणीतरी आड उभं. इथं, माझ्यापुढे. छकुलीपुढे नाही.
पानावरचं ऊन गेलं.
बाहेर ती हसली — माझी बोटं वळत नाहीत —
११.४६. ऊन अजून परत