हलवू नये

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (खुर्चीत बसून घातलाय, तेव्हा आठांतली किती अंगं धरायची ते तुम्हीच तपासून घ्या.) तुमची तब्येत बरी असेलच. मामींचे गुडघे कसे आहेत? तुमचा फ्रिज कसा आहे? बर्फ नीट धरतो ना? (सहज विचारलं.) माझं म्हणाल तर मी जिवंत आहे, एवढंच. डोकं मात्र ठिकाणावर नाही आणि त्याला कारण, रागावू नका, पण तुम्ही आहात. फोनच करणार होते, पण फोनवर तुम्ही माझी वाक्यं मध्येच दुरुस्त करता.

आधी मी काय करते ते पुन्हा सांगते, कारण मामी अजूनही सगळीकडे सांगतात की मी उंची वाढवायचं टॉनिक बनवते. (तुमच्या धाकट्यासाठी चमचाभर मागूनही झालंय.) ते टॉनिक नाही हो! तो वाढीचा हार्मोन आहे. (संप्रेरक म्हणायचं, माहीत आहे.) माणसाच्या शरीरात बनतो तो आम्ही जिवाणूंकडून बनवून घेतो. त्यासाठी माणसाचं नेमकं तेवढं जनुक जिवाणूत घालायचं आणि मग त्यांना खाऊपिऊ घालून उबेत ठेवायचं. जावयाची होणार नाही इतकी बडदास्त! एवढं करून कधी हार्मोन देतात, कधी नुसताच गाळ. त्यातून वेगळा काढून, शुद्ध करून, वाळवून शेवटी जी चिमूटभर पांढरी भुकटी हाती लागते (चिमूटभर हीसुद्धा फुशारकीच), तिच्यावर माझा अख्खा प्रबंध उभा आहे. माझ्या गाइड मॅडम पुढच्या महिन्यात निवृत्त होतायत. त्याआधी शेवटचा प्रयोग झाला नाही तर मी नव्या गाइडच्या गळ्यात, आणि पहिल्यापासून श्रीगणेशा.

आता या भुकटीचे नखरे ऐका. विरघळवताना पाणी बाटलीच्या कडेने हळूच सोडायचं आणि हाताची घडी घालून बसायचं. गदागदा हलवलं की फेस येतो, फेस आला की प्रथिन विस्कटतं आणि मग ते कशाच्याच कामाचं राहत नाही. विरघळल्यावर इवल्याइवल्या कुप्यांत वाटून उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवायचं. लागेल तशी एकेकच कुपी काढायची, कारण वितळलेली परत गोठवली की तिचा निम्मा जीव जातो.

म्हणून मी डब्यावर लावायला सूचना लिहिली होती, की या डब्यातील कुप्या कोणीही जोरजोरात खालीवर करून त्यांत फेस आणू नये. चांगली होती की नाही? पण मला दुर्बुद्धी सुचली आणि मी ती तुम्हाला फोनवर वाचून दाखवली. छापखान्यात जन्मभर मुद्रितं तपासलेला माणूस! जास्तीचा शब्द दिसला की तुमचा हात शिवशिवतो. 'कोणीही' कशाला, 'जोरजोरात' कशाला, 'खालीवर करून फेस आणू' ऐवजी सरळ 'हलवू' म्हण, असं करत करत शेवटी तुम्ही फक्त 'हलवू नये' एवढंच शिल्लक ठेवलंत. वर विचारलंत, यात न कळण्यासारखं काय आहे? मी तेच लाल अक्षरांत लिहून चिकटवलं.

परवा मी तापाने घरी पडले आणि नेमका तेव्हाच फ्रीझर घरघर करत बंद पडला. आमचे प्रयोगशाळा सहायक (टेबलावर पेन तिरकं पडलेलंही त्यांना खपत नाही, म्हणून आम्ही त्यांना शिस्तकाका म्हणतो) लगबगीने सगळं सामान शेजारच्या फ्रीझरमध्ये घेऊन गेले. सगळं म्हणजे सगळं! कधीच नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या बाटल्या नेल्या, तळाशी सापडलेला आइस्क्रीमचा कपसुद्धा नेला. (तो कोणाचा, याची चौकशी चालू आहे.) राहिला फक्त माझा डबा, कारण त्यावर स्पष्ट लिहिलं होतं, हलवू नये. माझ्या मैत्रिणीने तो उचलायला हात घातला तर काकांनी तिला असं फैलावर घेतलं की बिचारी रडकुंडीला आली. दुसऱ्या दिवशी मी गेले तर काका बंद फ्रीझरसमोर छाती काढून उभे. म्हणाले, “ताई, सगळे मागे लागले होते, पण मी डबा जागचा हलू दिला नाही.” आत सगळं कोमट पाणी. मामा, मी तिथेच फतकल मारून रडले. काकांवर ओरडू तरी कोणत्या तोंडाने? 'हलवणं' म्हणजे उचलून दुसरीकडे नेणंही होतं, हे तुमच्यासारख्याला सुचू नये? आणि मॅडम म्हणतात, मग परत बनव. जसा काही चहाच सांडला!

असो. तुमच्यावर राग नाही. (आहे.) मामींना नमस्कार, धाकट्याला आशीर्वाद आणि त्याच्या उंचीला शुभेच्छा.

तुमची वैतागलेली
भाची

ता. क. मागच्या वेळी आले तेव्हा तुमच्या फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीमागे मी एक निळी डबी ठेवली होती. मामींना डोळ्यांचं औषध म्हणून सांगितलं होतं. ते डोळ्यांचं औषध नाही. (इथल्या फ्रीझरचा मला कधीच भरवसा नव्हता. मॅडमना यातलं अक्षरही माहीत नाही आणि कळताही कामा नये.) त्यात थोडी कोरडी भुकटी आहे. कोरडी असल्याने घरच्या फ्रिजच्या थंडीतही टिकते. एका प्रयोगापुरतीच आहे, पण आता माझ्याजवळ तेवढीच उरली आहे.

आणखी एक. मामी शनिवारी फ्रिज धुवायला काढतात ना? त्यांना थांबवा! डबी त्यांना हलवू देऊ नका. तुम्ही मात्र ती बर्फात घालून ताबडतोब इकडे हलवा, पण वाटेत हलवू नका, भुकटी झाकणाला चिकटते. थोडक्यात, तुमच्या पद्धतीने सांगायचं तर, न हलवता हलवा. (यातला 'न' जास्तीचा वाटला तरी कृपा करून खोडू नका.)