लाभ, दोन, तीन

मोखाडा,
रविवार

प्रिय धनेश,

पाकीट बघून घाबरू नकोस. बा बरा आहे. म्हणजे जेवतो, झोपतो, अंगणात ऊन खात बसतो. फोन केला असता तर तू लगेच ‘ताई, बाला फोन दे’ म्हणाला असतास, आणि आज मला ते नको होतं. शिवाय फोनवर तू मला बोलू कुठे देतोस? मी इकडचं काही सांगायला लागले की तुझ्याकडून नुसता कीबोर्ड खडखडलेला ऐकू येतो, नि ‘हं, हं’. पत्र तरी तुला शेवटपर्यंत वाचावं लागेल.

तर आधी बातमी. तू पाठवलेली बाच्या पुस्तकाची शेवटची प्रत मिळाली. स्टँडजवळच्या दुकानात छापून, पिना मारून आणली. सगळं बरोबर आलंय रे! ‘लाभ’ एकदाच आलंय, सुरुवातीला. पुढे दोन, तीन, चार, सगळं अक्षरात. चौथ्या पायरीच्या पोटातल्या बारीकसारीक गोष्टींना क, ख, ग. जिथे ‘पाचव्यात सांगितलं तसं’ लिहिलंय तिथे मी मुद्दाम पान उलटून बघितलं, तर पाचव्यात खरंच तेच आहे. माझ्या वर्गात असतास तर आज सगळ्यांपुढे उभं करून तुझी पाठ थोपटली असती.

तुझ्या ऑफिसातल्या लोकांना हे कसं पटवलंस कोण जाणे. जन्मभर कॉम्प्युटरवर गणिताची आणि विज्ञानाची पुस्तकं छपाईसाठी जुळवणारी ती माणसं; त्यांना ‘आमच्या यादीत एक नसतो, लाभ असतो’ म्हटल्यावर हसलीच असतील. त्यांनी आपल्या साखरशेतचं खळं बघितलेलं नाही ना. बा पायली भरून पहिली ओतताना ‘लाभ’ म्हणायचा, मग दोन, मग तीन. घरात येणाऱ्या धान्याला एक म्हणायचं नाही, ही त्याची रीत. मागच्या हंगामात, झोडणी झाल्यावर, त्याने आपल्या दोघांना बियाणं राखायची पद्धत सांगितली ती पण तशीच, बोटांवर मोजत. लाभ, उभ्या पिकातून चांगल्या लोंब्या हेरायच्या. दोन, त्या वेगळ्या कापायच्या. तीन, वेगळ्याच झोडायच्या. तू मोबाइलवर रेकॉर्ड करत होतास आणि मी लिहून घेत होते. आठवतं, मधेच तो डांगी भाताचं नाव विसरला आणि किती वेळ नुसता हाताकडे बघत बसला? त्याच दिवशी आपण ठरवलं की डोकं ठिकाणावर आहे तोवर त्याचं सांगणं छापून त्याच्या हातात द्यायचं. हे माझं आहे, असं त्याला कळायला हवं. बाकी कोणी वाचो न वाचो.

तुझी पहिली प्रत आली तेव्हा पेरणीआधी शेतात राब भाजायचे दिवस होते. बा राखेने माखलेला, तसाच हात पुसून आला. कागद हातात घेतला, त्यावरचं ‘बुधा’ एवढं ओळखलं, आणि कपाळाला लावला. वाचता कुठे येतं त्याला, म्हणून मी वाचायला लागले. लाभ झालं आणि पुढे जे छापलं होतं तेच मी वाचलं, ‘एक’. बा म्हणाला, “यो एक कठून आला? दोन पायल्या वतल्या न् मोजली एकच?” मी पण हसले, तो पण हसला. मग तू फोनवर मला समजावलंस की एखाद्या पायरीला हाताने लेबल दिलं की प्रोग्रॅम ती पायरी मोजतच नाही, म्हणून दुसरीला एक पडला. मला अर्धंच कळलं, पण तुझा आवाज इतका उत्साहात होता की मी ऐकत राहिले.

मग तू कमांडच अशी लिहिलीस की आतली मोजणी एकपासून चालावी, पण छापताना त्या एकाच्या जागी लाभ उमटावं. ती प्रत आली ऐन लावणीत. आता काय झालं, तर चौथ्याच्या पोटातल्या यादीलाही लाभ! बा म्हणाला, एका खळ्यात लाभ एकदाच, दोनदा म्हणशील तर धान्य कुणाचं? तेव्हाही तो आपलाच होता रे, हसत होता, चिडवत होता. तू परत बसलास. मग आतल्या यादीला वेगळं लेबल. मग ‘पाचव्यात सांगितलं तसं’ या ठिकाणी आकडेच भलते येत होते, ते दुरुस्त. तू म्हणायचास, ताई, एवढं नीट करतो, मग देतो. मी म्हणायचे, कर बाबा कर, घाई नाही.

घाई होती, धनेश. मी तुला ‘बरा आहे’ म्हणत राहिले, कारण तू तिकडे एकटा, सुट्टी मिळत नाही, उगाच जिवाला घोर. पावसाळ्यात तो लहान्याला, आपल्या सख्ख्या चुलतभावाला, आज्याच्या नावाने हाका मारायला लागला. म्हणून मी त्याला इकडे मोखाड्याला घेऊन आले. दसऱ्याच्या सुमारास बाजाराच्या दिवशी तो चपला न घालता जव्हारच्या जीपमध्ये जाऊन बसला. ड्रायव्हर ओळखीचा, त्यानेच परत आणून सोडला. कुठे निघाला होतास विचारलं तर म्हणाला, घरी, आयने बलवलंय. तुला मी सांगितलं होतं की बा गावी जाऊन आला.

मला फार वाईट वाटतंय रे. तुझ्यावर राग नाही, देवाशपथ नाही. तू त्याचा शब्द जसाच्या तसा यावा म्हणून झटलास, दुसऱ्या कोणी सरळ १, २, ३ टाकून मोकळं झालं असतं. पण राहून राहून वाटतं, ती पहिलीच प्रत चुकीसकट छापून टाकली असती, त्या आगाऊ एकासकट, तर काय बिघडलं असतं? तेव्हा तो होता. राखेच्या हातांनी त्याने कपाळाला लावला तो कागद, तेवढंच पुस्तक त्याला मिळालं. आपल्याला वाटत होतं की पुस्तक अजून यायचंय.

आता हे का लिहितेय ते सांगते. आज सकाळी मी त्याच्याशेजारी बसून नवी प्रत सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचली. लाभला त्याने मान डोलावली. बियाण्यात राख मिसळायची गोष्ट आली तेव्हा “बराबर” म्हणाला. मला इतका आनंद झाला की ती ओळ मी परत वाचली. संपल्यावर मला म्हणाला, “मॅडम, यो मानूस कोन हाय? शाना हाय. आपल्यावानीच करतो. यास एकदा घरी बलवा.” हो, दिवाळीपासून मी मॅडम आहे, हेही तुला सांगितलं नव्हतं. पुढच्या रविवारी आणते म्हणाले. तेव्हापासून दोनदा विचारून झालं, पाहुणा जेवायला थांबणार का, नाचणीची भाकरी चालते का त्याला. म्हणून ये, धनेश. काही दुरुस्त करून आणू नकोस, नुसता ये. तुला मुलगा म्हणून ओळखेल असं मी सांगत नाही. पण त्या माणसाची तो वाट बघतोय, आणि तुझा आवाज हुबेहूब बाचा आहे. त्याच्याजवळ बस आणि तूच वाच.

तुझी तरी ताईच,
रंजना